तिची बाजू

आमच्या घरात दर वर्षी एक सहल ठरवायला घेतली जायची, आणि आजवर ती एकदाही निघाली नाही.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा हिवाळ्याच्या अखेरीस हा प्रकार पहिल्यांदा पाहिला. मला वाटलं, सासू-सासऱ्यांचं काहीतरी कायमचं बिनसलंय. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोघं शेजारी शेजारी बसली होती, पुढ्यात एक रंगीत माहितीपत्रक पसरलेलं, आणि सासूबाई बोट नाचवत म्हणत होत्या, "या जन्मात तरी मी तुमच्या समुद्रावर पाय ठेवणार नाही, सांगून ठेवते!" मी घाबरून नवऱ्याकडे पाहिलं. तो शांतपणे बुटांना पॉलिश करत बसला होता. म्हणाला, "झालं का सुरू? म्हणजे थंडी संपली आता."

सासरे, म्हणजे बाबा, छापखान्यात यंत्र चालवायचे. पायी सहली काढणाऱ्या एका कंपनीचं माहितीपत्रक दर वर्षी त्यांच्याच यंत्रावर छापलं जायचं. अर्धं पुस्तक डोंगरवाटांचं, अर्धं किनारवाटांचं. सामान कंपनीची गाडी पुढच्या मुक्कामाला नेऊन ठेवणार, आपण फक्त पाण्याची बाटली घेऊन चालायचं, संध्याकाळी गरम पाण्यानं अंघोळ आणि आयतं जेवण. प्रत्येक वाटेखाली बुटांची चित्रं असत. एक बूट म्हणजे सोपी, तीन बूट म्हणजे जीव काढणारी. छपाईत रंग नीट जुळेपर्यंत पहिले बरेच कागद वाया जातात, आणि तेच वाया गेलेले कागद पुन्हा यंत्रात घालून पुढचे रंग जुळवतात. बाबा असले कागद घरी आणायचे. त्यातल्या एकावर डोंगराच्या पानावरच समुद्राचं पान उमटलं होतं. शिखराच्या पोटात लाटा, आणि गलबतावर बर्फ. तो सासूबाईंनी ताटल्यांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवला होता. "ही आमची सहल," म्हणायच्या. "दोघांच्या मनासारखी. जागा तेवढी सापडायची राहिलीय."

बाबांची बाजू समुद्राची, सासूबाईंची डोंगराची. कशी ठरली कोण जाणे, पण दोघं त्यावरून तसूभर हलायची नाहीत.

बाबा म्हणायचे, "किनाऱ्यानं माणूस चुकत नाही. जाताना पाणी उजव्या हाताला, येताना डाव्या. नकाशा नको नि कुणाला विचारायला नको."

"मग विचारणार तरी कुणाला? मासे बोलतात वाटतं!"

"वारा असतो, मोकळं असतं. डोंगरात काय, पुढच्याची पाठ बघत चालायचं."

"समुद्राची पलीकडची बाजू कुणी पाहिलीय का?" हे सासूबाईंचं ठेवणीतलं वाक्य. हे आलं की समजायचं, आता चहा टाकायची वेळ झाली. "डोंगर चढला की पलीकडची बाजू दिसते. चढण्याचं काही चीज होतं. तुमचा समुद्र म्हणजे नुसतं चालायचं आणि बघायचं, चालायचं आणि बघायचं, हातात काही नाही."

यंत्राच्या खडखडाटानं बाबांचा डावा कान पार गेला होता. म्हणून सासूबाई कायम त्यांच्या उजवीकडे. टेबलाशी उजवीकडची खुर्ची त्यांची, रस्त्यानं चालताना उजवी बाजू त्यांची, पलंगावरही तीच. मुद्दा मांडून झाला की बाबा मान जराशी वळवून उजवा कान पुढे करायचे. बोल आता, काय म्हणतेस, अशी ती मान असायची. निम्म्या वेळा त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू लपलेलं असायचं, आणि सासूबाईंना ते दिसायचं, म्हणून त्या आणखी चिडायच्या.

मी दातांच्या दवाखान्यात येणाऱ्यांच्या वेळा ठरवण्याचं काम करते. दिवसभर माझ्यासमोर तोंड उघडता न येणारी माणसं असतात, त्यामुळे घरी आल्यावर ही दोन उघडी तोंडं मला प्रिय होती. तरी एकदा न राहवून मी सासूबाईंना विचारलंच, "आई, तुम्हाला खरंच जायचंय का कुठे? आम्ही करतो ना सगळी व्यवस्था." त्या कणीक मळता मळता थांबल्या. वेड्यासारखं काय विचारतेस, असा चेहरा केला. "जायचंय कुणाला गं? ठरवायचं असतं. गेलं की संपलं."

हे मी तेव्हाच नवऱ्याच्या कानावर घालायला हवं होतं, असं आता वाटतं. पण तेव्हा ते गमतीचं वाटलं, आणि गमतीच्या गोष्टी कोण नीट सांगत बसतं.

मग एका वर्षी हिवाळा सुरू होताना सासूबाईंची छाती भरली. आधी नुसता खोकला, मग चढताना दम, मग न चढताही दम. दवाखान्यात ठेवावं लागलं. खिडकीजवळची खाट मिळाली, नाकाला नळी, हाताला सुई. बाबा रोज सकाळी जायचे आणि भेटीची वेळ संपली तरी परिचारिका हाकलेपर्यंत हलायचे नाहीत. खाटेच्या डाव्या अंगाला औषधाचं कपाट होतं आणि स्टूल ठेवायला जागा उजवीकडेच होती. तिथे बसलं की सासूबाई त्यांच्या बहिऱ्या कानाशी यायच्या. बाबांनी दोन दिवस कुरकुर केली, मग वॉर्डबॉयला हाताशी धरून अख्खी खाट फिरवून घेतली. परिचारिका संतापल्या. सासूबाई नळी लावलेल्या नाकानं हसल्या.

एका दुपारी बाबांनी खिशातून जुनं माहितीपत्रक काढलं. नवं यायला अजून अवकाश होता. मी आणि नवरा दारातच होतो, त्याच्या हातात सुपाचा थर्मास. बाबांनी पान उघडलं, सासूबाईंच्या डोळ्यांसमोर धरलं आणि नेहमीच्या ठसक्यात म्हणाले, "हे बघ. एक बूटवाली वाट. वाळूनं वाळूनं जायचं. आता तरी काढ तो डोंगर डोक्यातून." आणि मान वळवली. उजवा कान पुढे केला.

सासूबाईंनी त्या चित्राकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं. समुद्र तर समुद्र."

बाबांनी माहितीपत्रक मिटलं. पुन्हा उघडलं नाही. नवरा मला कोपरानं ढोसत कुजबुजला, "ऐकलंस? आई तयार झाली!" त्याचे डोळे भरून आले होते. मला मात्र बाबांचा चेहरा दिसत होता. त्या आठवड्यातच सासूबाई गेल्या.

माणसं भेटायला येऊ लागली. शेजारच्या शिंपीणकाकूंनी बाबांचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "काय बोलावं भाऊ, तुमच्यावर तर दुःखाचा डोंगरच कोसळला." बाबांनी मान वर केली. "डोंगरच कोसळणार," ते म्हणाले. "हट्टच होता तिचा." आणि एकदम हसले. काकू घाबरल्या. मला वाटलं, बरं झालं, हसले तरी.

त्यानंतर त्यांच्या तोंडाला कुलूप लागलं.

म्हणजे ते मुके झाले नाहीत. वाईट हे, की ते शहाणे झाले. जेवायला बसा म्हटलं की बसायचे, उठा म्हटलं की उठायचे. भाजीत मीठ नव्हतं तरी "छान आहे". दूरदर्शनवर बातम्या लावू की गाणी? "काहीही लाव." या माणसानं आयुष्यात कुणाची एक गोष्ट सरळ मान्य केली नव्हती. पाऊस पडतोय म्हटलं तर खिडकीतून हात बाहेर काढून खात्री करून घेणारा माणूस हा. आता आम्ही जे बोलू त्याला एकच उत्तर, "बरं." मला त्या शब्दाची भीती वाटू लागली. सासूबाईंनी जाताना तोच म्हटला होता. हेही आता त्याच वाटेनं निघालेत, हे मला लख्ख दिसत होतं, आणि रोज थोडं अन्न ताटात मागे राहत होतं.

माझा नवरा गाडी शिकवतो. शिकणाऱ्याच्या शेजारी बसून दिवसभर दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवायचा, हे त्याचं काम. त्यामुळे घरातही काही घसरताना दिसलं की त्याचा पाय आपोआप दाबला जातो. थंडी ओसरू लागली तसा एके दिवशी तो संध्याकाळी लवकर आला, हातात कंपनीचं कोरं करकरीत माहितीपत्रक, आणि बाबांच्या पुढ्यात बसला.

"बाबा, मी बुकिंग करून आलोय. तुम्ही आणि मी. किनारवाट, एक बूटवाली. आईची शेवटची इच्छा होती ती, आपण पुरी करू."

मी ओट्याशी उभी होते. माझ्या हातातला डाव तसाच राहिला. मला वाटलं, आता फुटेल ज्वालामुखी. मला तो फुटायला हवा होता.

बाबांनी माहितीपत्रकाच्या कागदावरून अंगठा फिरवला. छपाई नीट आहे का ते बघण्याची ही त्यांची सवय. मग म्हणाले, "बरं."

नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. रात्री झोपताना मला म्हणाला, "बघ, किती शांतपणे ऐकलं त्यांनी. त्यांनाही जायचंच होतं."

"शांतपणे नाही रे," मी म्हटलं. "त्यांना काही फरक पडत नाहीये, म्हणून."

"तुला माझं काही चांगलं दिसतच नाही," तो म्हणाला आणि कुशीवर वळला. त्याचीही आई गेली होती, हे मी त्या दिवसांत पुष्कळदा विसरत होते.

शनिवारी चालायचे बूट घ्यायला गेलो. नवरा गाडी लावायला जागा शोधत राहिला, मी बाबांना घेऊन दुकानात शिरले. भिंतीला लागून तीन खुर्च्यांची एक ओळ होती. बाबा मधल्या खुर्चीवर बसले. उजवीकडची त्यांनी आपोआप मोकळी ठेवली. डावीकडच्या खुर्चीवर पिशवी ठेवून मी उभी राहिले. दुकानदार हसतमुख होता, गुडघ्यावर बसून त्यानं बाबांचा पाय मापाच्या पट्टीवर ठेवला. मोज्याला अंगठ्याशी रफू केलेलं होतं, सासूबाईंच्या हातचं, बारीक टाक्यांचं.

"कुठे चालायचंय काका?" त्यानं विचारलं. "डोंगर असेल तर घोट्याच्या वरपर्यंत येणारा देतो. समुद्राला खालचा पुरेल. डोंगर की समुद्र?"

साधा प्रश्न. त्याच्या धंद्याचा प्रश्न.

"समुद्र!" बाबा म्हणाले.

किती दिवसांनी तो आवाज ऐकला मी! छातीतून आलेला, भांडणाच्या तयारीचा, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी निघायचा तसा. आणि मग त्यांनी मान वळवली. जराशी, उजवीकडे. कान पुढे केला, त्या मोकळ्या खुर्चीकडे, आणि वाट पाहू लागले. ओठाच्या कोपऱ्यात ते हसूसुद्धा येऊ घातलं होतं.

दुकानदार आत जाऊन खोकं घेऊन आला. बाबांच्या पायात त्यानं बूट चढवला, नाडी बांधली. बाबा अजून तसेच होते. मी हलक्या आवाजात "बाबा" म्हटलं, पण मी डावीकडे उभी होते, त्यांना कुठलं ऐकू येणार. मग हळूहळू त्यांच्या ओठावरचं हसू गेलं, आणि त्यांना कळलं. मला ते कळताना दिसलं. असं काही मी याआधी पाहिलेलं नव्हतं आणि पुन्हा पाहायची माझी छाती नाही.

एका पायात नवा बूट, एका पायात रफूचा मोजा, असा तो माणूस भर दुकानात ढसाढसा रडला. दुकानदार बिचारा घाबरून विचारत होता, "चावतोय का काका? एक नंबर मोठा देऊ?"

गाडीत मी दुकानात घडलेलं सांगितलं, तशी नवऱ्यानं काच खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली. शेवटी म्हणाला, "पण बाबा, आई स्वतः म्हणाली होती ना? समुद्र तर समुद्र. मी माझ्या कानांनी ऐकलंय. तिची तेवढी एक इच्छा तरी..."

"इच्छा नव्हती ती," बाबा मागच्या सीटवरून म्हणाले. "तिला समुद्र नको होता रे. कधीच नको होता. ती दमली होती. भांडायलासुद्धा दम उरला नाही तिच्यात, म्हणून हो म्हणाली." मग म्हणाले, "आणि मी वेडा, मीच तिला विचारायला गेलो."

घरी पोचलो. नवरा गाडी लावून आत आला तो थेट न्हाणीघरात गेला आणि त्यानं नळ जोरात सोडला. तो नळ कशासाठी सोडलाय ते मला ठाऊक होतं. मला त्याला हाक मारायची होती, पण बाबांना एकटं सोडायचं नव्हतं.

ते स्वयंपाकघरात जाऊन आपल्या खुर्चीवर बसले. माहितीपत्रक टेबलावरच पडलं होतं. मी चहा टाकला. ताटल्या काढायला कपाट उघडलं, आणि तो समुद्रात बुडालेला डोंगर समोर आला. मला सासूबाईंची इतकी आठवण आली की मी कपाटाच्या दाराआड उभी राहून तोंडावर पदर दाबला. मग माझ्या मनात काय आलं कुणास ठाऊक, मी चहाचे कप टेबलावर ठेवले, वळसा घातला आणि सरळ सासूबाईंच्या खुर्चीत जाऊन बसले. त्या गेल्यापासून तिथे कुणी बसलं नव्हतं.

"मी म्हणते डोंगर," मी म्हटलं. "तीन बूटवाला. तुमच्या समुद्रात काय ठेवलंय?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता पेटतील. पण त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"ऊठ."

"बाबा, मी फक्त..."

"ऊठ म्हणतो ना! तिची बाजू तू घेऊ नकोस."

मी उठले. कान तापले होते, रडू येत होतं, आणि रागही. चांगुलपणा करायला जावं आणि थोबाडीत खावी. मी कप उचलायला लागले, तर बाबा स्वतः खुर्ची सरकवून उभे राहिले. टेबलाच्या कडेला धरत एक पाऊल उजवीकडे सरकले आणि सासूबाईंच्या खुर्चीत बसले. हळूच, आधी हातानं बैठक चाचपून, तिथे कुणी असेल तर अशा बेतानं.

"तिची बाजू मी घेतो," ते म्हणाले. "तिचं सगळं मला पाठ आहे. तू माझी घे."

न्हाणीघराचा नळ बंद झाला होता. नवरा दारात येऊन उभा होता, चेहरा ओला, हातात टॉवेल. त्यानं आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "मग त्या बुकिंगचं काय करू?" त्यानं विचारलं.

"कसलं बुकिंग?" बाबा डाफरले. "अजून ठरलंय कुठे?"

नवरा तिथेच दाराच्या चौकटीला टेकून खाली बसला. तो हसत होता की रडत होता, मला सांगता येणार नाही.

मी बाबांच्या खुर्चीत बसले. आता त्यांचा डावा कान माझ्याकडे होता, बहिरा. उजवीकडे नुसती भिंत. मी म्हटलं, "समुद्र." त्यांना ऐकू गेलं नाही. मी ओरडले, "समुद्र म्हणतेय मी! किनाऱ्यानं माणूस चुकत नाही! जाताना पाणी उजव्या हाताला, येताना डाव्या!"

बाबांनी माहितीपत्रक पुढे ओढलं. बोट उचललं, सासूबाई उचलायच्या तसं, आणि नाचवलं. ते नीट नाचेना.

"समुद्राची पलीकडची बाजू," ते म्हणाले, "कुणी पाहिलीय का?"

पुढचं त्यांना येत होतं. डोंगर चढला की पलीकडची बाजू दिसते, हे आम्हा सगळ्यांनाच येत होतं. पण ते तिथेच थांबले. बोट हवेत तसंच राहिलं. चहावर साय धरली.

मला ते बघवेना. द्यावं सोडून, असं वाटलं. म्हणावं, बरं बाबा, डोंगर तर डोंगर, तुमचंच खरं, आणि जेवायला वाढावं. तोंड उघडलंच होतं मी. त्यांनी ते पाहिलं आणि माझं मनगट गच्च धरलं.

"हो म्हणायचं नाही," ते म्हणाले. "काही झालं तरी तू हो म्हणायचं नाहीस."

"नाही म्हणणार," मी ओरडून सांगितलं. "समुद्रच."